'हौशी अमेरिकन' जॉन अँटिस आणि मोरावियन मंडळींचं गाणं

आडवाट

नाझरेथला जाऊन आलो. येशूच्या नव्हे, पेनसिल्व्हेनियातल्या.

नोकरीमुळे गेली सहा वर्षं इथे लेहाय खोऱ्यात राहतोय. बेथलेहेम, नाझरेथ, एम्माउस अशी गावं इथे अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत आहेत. नव्या माणसाला वाटतं, कोणीतरी बायबल समोर ठेवून पाट्या रंगवल्यात. ही सगळी मोरावियन पंथाच्या लोकांची करणी. बेथलेहेमचं बारसं १७४१ साली नाताळच्या आदल्या रात्री झालं.

तर नाझरेथच्या मोरावियन संग्रहालयात काचेमागे एक व्हायोलिन आहे. दिसायला काही खास नाही. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव, बेथलेहेम आणि साल: १७५९. म्हणजे आपल्याकडे पानिपत व्हायला अजून दोन वर्षं होती. अमेरिकेत बनलेल्या आणि आजवर टिकलेल्या अगदी जुन्या व्हायोलिनांपैकी हे एक. करणारा होता १९ वर्षांचा पोरगा, जॉन अँटिस. त्याने १७६४ साली केलेला एक व्हायोलाही लिटिट्झ गावच्या मंडळीकडे आहे.

मी त्या काचेपाशी बराच वेळ थांबलो, कारण त्याच्या आदल्याच महिन्यात या माणसाचं गाणं मी स्वतः गायलो होतो. ऑफिसातल्या एका आजींनी (हो, ऑफिसात आजी आहेत, सत्तरी उलटलीय आणि निवृत्त व्हायचं नाव नाही) मला त्यांच्या गायकवृंदात ओढलं. "तुझा आवाज खाली जातो, आमच्याकडे बेस कमी आहेत," एवढीच पात्रता. नोटेशन वाचायला शिकताना घाम फुटला. आपल्याला सरगम लिहायची-वाचायची सवय, इथे काळ्या मुंग्यांची रांग.

गाणं होतं 'गो, काँग्रिगेशन, गो!' गेथशेमाने बागेत जा आणि प्रभूचं दुःख बघा, असं मंडळीला सांगणारं. सुरुवातीला एकच सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका, गाते, सोबत फक्त तंतुवाद्यं. तिचं संपतं आणि लगेच त्याला जोडून सगळा वृंद उठतो: 'शुअरली ही हॅज बॉर्न अवर ग्रीफ्स', यशयाच्या ५३ व्या अध्यायातली ओळ. खरोखर त्याने आमची दुखणी वाहिली. सगळे आवाज एकाच वेळी एकच अक्षर उच्चारतात. कोणी पुढे पळत नाही, ताना नाहीत, एक आवाज दुसऱ्याच्या मागे लागलाय असंही फारसं नाही. पहिल्या तालमीला मला ते सपाट वाटलं. चौथ्या तालमीला माझ्या ओळीतला एक सूर बदलला की वरच्या तिन्ही आवाजांचा रंग पालटतो, हे कानांना कळलं आणि मग सपाट म्हणायची छाती झाली नाही.

आता माणूस. १७४० साली फिलाडेल्फियाच्या वायव्येला फ्रेडरिक टाउनशिपमध्ये जन्म. वडील हेन्री अँटिस त्या भागातलं बडं प्रस्थ, त्यांच्या घरातच मोरावियनांनी मुलांची शाळा चालवली होती. जॉन बाराव्या वर्षी बेथलेहेमला आला, तिथे वाद्यं बनवायला लागला. १७६४ साली युरोपात गेला. जर्मनीत नॉयविडला घड्याळं बनवायला शिकला. का? तर मोरावियन मिशनऱ्याला मंडळीच्या पैशांवर बसून खाता यायचं नाही, हातात धंदा पाहिजे. १७६९ ला दीक्षा झाली आणि रवानगी कैरोला. तिथल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांत काम करायचं आणि जमलं तर पुढे इथिओपियात शिरायचं, असा बेत होता. तो काही जमला नाही.

कैरोत तो बारा वर्षं राहिला. नावाला तुर्कांचा अंमल, प्रत्यक्षात मामलुक बेंची, म्हणजे सरदारांची, आपापसात मारामारी. नोव्हेंबर १७७९ मध्ये शहराबाहेर फिरायला गेला असताना उस्मान बे नावाच्या सरदाराच्या माणसांनी त्याला धरलं. पैसे काढ म्हणाले. त्याने दिले नाहीत. मग रात्री पालथा पाडून तळपायांवर चाबकाचे फटके. या शिक्षेला बास्तिनादो म्हणतात. शेवटी बेच्याच एका माणसाने ओळखीचा बहाणा करून सोडवलं. घरी आणल्यावर कित्येक आठवडे अंथरुणातच.

त्या काळात त्याने दोन व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी तीन त्रयी लिहिल्या, असं सांगतात. ई फ्लॅट मेजर, डी मायनर आणि सी मेजर. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाने लिहिलेलं, आज हाताशी असलेलं सर्वांत जुनं चेंबर संगीत (मोजक्या वाद्यांसाठीचं) ते हेच, असं मानलं जातं. पुढे १७९० च्या सुमारास लंडनच्या जॉन ब्लँडने ते छापलं. मुखपृष्ठावर इटालियनमध्ये लिहिलंय: 'ग्रँड कैरोत रचलेले', आणि रचनाकाराचं नाव काय, तर 'जोव्हान्नी ए-टी-एस, दिलेतांते अमेरिकानो'. आडनावातली अक्षरं गाळलेली. दिलेतांते म्हणजे हौशी.

त्या 'हौशी' शब्दावर मी अडकलोय. कैरोहून परतल्यावर १७८५ पासून हा माणूस इंग्लंडात यॉर्कशरमधल्या फुलनेक वसाहतीचा व्यवस्थापक होता. म्हणजे भाडी, दुरुस्त्या, हिशेब. तीसच्या वर अँथम (वृंदाने म्हणायची धर्मगीतं) आणि एकल गीतं, पन्नासच्या वर कोरालच्या, म्हणजे मंडळीने गायच्या स्तोत्रांच्या, चाली, सगळं याच नोकरीच्या फटीतून. १८०८ ला निवृत्त होऊन ब्रिस्टलला गेला आणि १८११ च्या डिसेंबरात वारला. त्यातून पैसा नाही, नाव नाही, आणि नाव झालं नाही याची खंतही कुठे दिसत नाही.

इथे पाश्चात्य संगीत ऐकणारे आहेत म्हणून टाकतोय. कोणी ऐकलंय का हे?

पेठेतला

मोरावियन म्हटल्यावर संगीतकार यानाचेकवर धागा असेल म्हणून आलो. फसवणूक झाली. तरी पूर्ण वाचला.

बाकी सत्तरीतल्या आजी अजून ऑफिसात येतात हे वाचून आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांची झोप उडेल.

आडवाट

@पेठेतला, चूक माझीच, सांगायला हवं होतं. मोराविया हा आजच्या चेक देशाचा पूर्वेकडचा प्रांत, यानाचेक तिथलाच. पण 'मोरावियन' म्हणजे इथे पंथ. यान हुसच्या अनुयायांनी १४५७ मध्ये बोहेमियात स्थापलेला बंधुसंघ. १६२० च्या व्हाइट माउंटनच्या लढाईनंतर तो चिरडला गेला. शंभर वर्षांनी, १७२२ ला, मोरावियातले काही निर्वासित सॅक्सनीत काउंट त्सिंत्सेनडोर्फच्या जमिनीवर येऊन राहिले. ती वसाहत हेर्नहुट. तिथून पुढे जगभर. म्हणजे अँटिसने मोराविया पाहिला असायचं काही कारण नाही. फुलनेक हे नाव मात्र थेट तिकडचं, शिक्षणतज्ज्ञ कोमेन्युस जिथे शिकवायचा ते गाव.

खर्जातला

छान धागा. अँटिस ऐकलेला नाही, पण योहान फ्रीड्रिख पेटर याची तंतुवाद्यांची पंचकं ऐकलीत. तोही यांच्यातलाच. १७८९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या सेलममध्ये लिहिलेली सहा पंचकं, हायडनच्या वळणाची. तिथेही हीच गंमत: माणूस शाळामास्तर, कारकून, पाद्री, आणि उरलेल्या वेळात संगीतकार.

एक विचारतो. हे लोक चर्चमध्ये वाद्यवृंद घेऊन बसायचे? त्या काळच्या अमेरिकेत कर्मठ मंडळींना ऑर्गनसुद्धा चालत नसे.

आडवाट

@खर्जातला, यांना चालायचं. बेथलेहेममध्ये १७४४ पासून कॉलेजियम म्युझिकम, म्हणजे गावचा वाद्यवृंद होता. जंगलाच्या कडेला, लाकडाच्या घरांत. बेंजामिन फ्रँकलिन १७५५-५६ च्या हिवाळ्यात सरहद्दीवर गढ्या बांधायच्या कामात इकडे आला होता, त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की चर्चमध्ये ऑर्गनसोबत व्हायोलिनं, ओबो, बासऱ्या, क्लॅरिनेट असं चांगलं संगीत ऐकलं. सणाची सभा इथे ट्राँबोनच्या वादनाने जाहीर होते, ती चाल १७५४ पासूनची.

ट्राँबोनचं एक सांगायचं राहिलं. कोणी गेलं की मनोऱ्यावरून ट्राँबोनवर तीन कोराल वाजायच्या. मधली कोराल ऐकून गाव ओळखायचं की गेलेली व्यक्ती कोणत्या गटातली, अविवाहित भाऊ, विवाहित बहीण, विधवा की लहान मूल. प्रत्येक गटाची चाल ठरलेली. पुरायचंही त्याच गटात, कुटुंबात नाही. दगड सगळ्यांचे सारखे, जमिनीला टेकलेले, आडवे. बेथलेहेमच्या दफनभूमीत मी फिरलोय, कोण मोठा कोण लहान काही कळत नाही.

या गटांना जर्मनमध्ये 'कोर' म्हणतात, आणि गायकवृंदालाही तोच शब्द. त्यामुळे जुनी कागदपत्रं इंग्रजीत वाचताना क्वायर म्हणजे गाणारे की नुसते एकत्र राहणारे, याचा दर पानावर घोळ.

मिरजेचा_तंबोरा

आमच्या घरात तीन पिढ्या भोपळे कोरतायत, म्हणून एक शंका. एकोणिसाव्या वर्षी व्हायोलिन केलं, पण शिकला कोणाकडे? वाद्य नुसतं बघून होत नाही. पोटात हात घालायला कोणीतरी शिकवावं लागतं.

आणि आतल्या चिठ्ठीचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे आजोबा तब्लीच्या, म्हणजे सतारीच्या वरच्या फळीच्या, आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालायचे. दुरुस्तीला उघडल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही. परवा एक सतार उघडली तर १९५१ निघालं. मालकाला दाखवलं तर तो म्हणे, मग किंमत वाढेल का?

आडवाट

@मिरजेचा_तंबोरा, क्या बात है. बेथलेहेममध्ये तेव्हा सगळे धंदे मंडळीच्या सामायिक मालकीचे होते. सुतार, चांभार, कातडी कमावणारे, सगळे एका छपराखाली, आणि वाद्यं बनवणारेही त्यातच. पोरगा अशा कारखान्यांत वाढला. अँटिसचा हात वाद्यावरून शेवटपर्यंत निघाला नाही. १८०६ साली, म्हणजे साठी उलटल्यावर, लाइपझिगच्या एका संगीत नियतकालिकात त्याने व्हायोलिनच्या खुंट्या कशा सुधाराव्यात आणि पियानोचे हातोडे कसे असावेत यावर लिहिलंय. घड्याळजीच तो, घसरणारी खुंटी त्याला बघवली नसणार.

शंकासूर

लेख चांगला. दोन आक्षेप.

एक, ते त्रयी-प्रकरण. फटके खाल्ले, अंथरुणावर पडला आणि संगीत झरू लागलं, ही गोष्ट फार सोयीची आहे. अँटिसने फ्रँकलिनला कैरोहून पत्र लिहिलं होतं, सोबत आपली सहा चतुष्कं पाठवली होती. त्या पत्राची तारीख १० जुलै १७७९. म्हणजे मारहाणीच्या चार महिने आधीच गडी बसून चतुष्कं लिहीत होता. (ती चतुष्कं हरवली, हा भाग वेगळा.) दुःखातून कला जन्मते हे आपल्याला फार आवडतं, म्हणून पडून राहिलेल्या माणसाच्या हातात आपणच लेखणी देतो.

दोन, मिशनरी म्हटल्यावर एकदम सगळं गोड लिहायची गरज नाही. याच मोरावियनांचं पहिलं मिशन १७३२ ला कॅरिबियनमध्ये सेंट थॉमस बेटावर गुलामांसाठी गेलं आणि पुढे मिशनच्याच मालकीचे मळे आणि गुलाम होते. सेलममध्येही मंडळीने गुलाम ठेवले. थडग्यांचे दगड सारखे होते हे खरं, पण ही बाजूही लिहा.

आडवाट

@शंकासूर, दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. सेलममध्ये पुढे दफनभूमीही वेगळी झाली, म्हणजे सारखे दगडसुद्धा सगळ्यांना मिळाले नाहीत. लेखात यायला हवं होतं.

पहिल्याबद्दल: 'असं सांगतात' लिहिलंय मी, म्हणून सुटलो. पण फ्रँकलिनच्या पत्राची तारीख आणि मारहाणीची तारीख मी कधी शेजारी ठेवली नव्हती. बरोबर आहे तुमचं. बारा वर्षं परक्या शहरात, मिशन चालत नाही, घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी वाजवायला काही पाहिजे. तेवढं कारण पुरेसं आहे.

कामोद

वाखुसा (वाचनखूण साठवली). ते गायन जरा सोडवून सांगा ना. चार आवाज म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस ना?

आडवाट

@कामोदताई, इथेच मोरावियन वेगळे पडतात. यांच्या त्या काळच्या पुष्कळ अँथममध्ये टेनर नाहीच. दोन सोप्रानो, एक आल्टो, एक बेस. बायका वृंदात गायच्या, तेही अठराव्या शतकात, चर्चमध्ये. त्यामुळे वरचा भाग दाट आणि उजळ, मधे मोकळी जागा, आणि खाली बेस. त्या मधल्या जागेत तंतुवाद्यं शिरतात. आधी वाद्यांची प्रस्तावना, मग वृंद एक ओळ म्हणून थांबतो, वाद्यं ती ओळ थोडी पुढे नेतात, पुन्हा वृंद. आपल्याकडे गाणाऱ्याने ओळ टाकली की पेटीवाला भरतो तसं, पण इथे भरणं लिहून ठेवलेलं.

शब्द स्पष्ट ऐकू यावेत हा मुख्य हट्ट. कारण शब्द बहुतेक वेळा त्या दिवसाचा असायचा. मोरावियन लोक वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी बायबलातलं एक वचन चिठ्ठी काढून ठरवतात. त्याला लोसुंग म्हणतात, १७३१ पासून दरवर्षी छापलं जातंय, आजही. सणाच्या दिवशी जे वचन निघालं असेल त्यावर संगीतकाराने रचना करायची. निवड त्याची नाहीच. चिठ्ठीवर लग्नंसुद्धा ठरायची, ते वेगळंच प्रकरण.

बेथलेहेममध्ये १७६६ साली येरेमियास डेंके याने २९ ऑगस्टच्या प्रीतिभोजनासाठी केलेली रचना अशा वाद्यांसहित धर्मसंगीताची अमेरिकन वसाहतींतली सर्वांत जुनी मानतात. प्रीतिभोजन म्हणजे लव्हफीस्ट: चर्चमध्ये बसल्या जागी बन आणि कॉफी वाटतात, वाटेपर्यंत वृंद गातो. आपल्या प्रसादाच्या रांगेत भजन चालू असतं तसंच. बन खातखात बेसची ओळ धरणं हे एक कौशल्य आहे, मला अजून आलेलं नाही.

नगरी_चिवडा

आम्ही नगरचे ख्रिस्ती, चौथी पिढी. आमच्याकडे दोन्ही चालतं. 'उपासना संगीत'मधली इंग्रजी चालींवरची गीतं ऑर्गनवर, आणि ना. वा. टिळकांची भजनं पेटी, तबला, टाळांवर. लहानपणी दुसरं जास्त आवडायचं, कारण त्यात टाळ वाजवायला मिळायचा.

अँटिसचे आणखी कोणते अँथम आहेत? आमच्या मंडळीत बारा जणांचा वृंद आहे. टेनर नाहीतच आमच्याकडे, पुरुष सगळे एकतर ओरडतात नाहीतर पुटपुटतात. म्हणून टेनरशिवायचं वाचून डोळे चमकले.

आडवाट

@नगरी_चिवडा, 'हाऊ ब्यूटिफुल अपॉन द माउंटन्स' करा. यशया ५२:७. सुवार्ता घेऊन डोंगरांवरून येणाऱ्याचे पाय किती सुंदर.

जुनी हस्तलिखितं वेगवेगळ्या आवाजांच्या सुट्या कागदांवर असायची, सगळे आवाज एकाखाली एक असलेली एकत्र प्रत क्वचितच. दीडशे वर्षं ही बाडं मंडळींच्या कपाटांत पडून होती. १९५० ला बेथलेहेममध्ये या संगीताचा पहिला महोत्सव झाला, १९५६ ला विन्स्टन-सेलममध्ये मोरावियन म्युझिक फाउंडेशन उभं राहिलं, तेव्हा सुटे कागद जुळवून पुन्हा प्रती तयार झाल्या. त्यामुळे आता मिळतात.

लेहवारी

जरा अवांतर, पण नाही म्हणताही येणार नाही. लेहच्या बाजारात मोरावियन चर्च आहे! मे महिन्यात ग्रुप टूरबरोबर गेलो होतो, पाटी वाचून विसरलो होतो. या धाग्याने आठवलं. तेच हे लोक का?

आडवाट

@लेहवारी, तेच. मंगोलियाला निघाले होते, वाट मिळाली नाही, म्हणून १८५६ साली लाहौलमध्ये केलांगला ठाण मांडलं. लेहला १८८५. तिबेटी-इंग्रजी शब्दकोश करणारा येश्के हा केलांगचाच मिशनरी. अँटिसच्या हयातीत म्हणाल तर मोरावियन तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला होते, १७६० पासून.

पेठेतला

तरंगंबाडी? म्हणजे आपल्या तंजावरच्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ तेही मोरावियनच की. राजांकडे पाश्चात्य बँड होता तो त्यातूनच आला असणार. घ्या, मराठी धागा जुळला!

शंकासूर

@पेठेतला, धागा जुळवायची घाई. श्वार्ट्झ हाल्ले गावच्या पंथातले. हाल्लेवाले तरंगंबाडीला १७०६ पासून होते आणि मोरावियन आल्यावर त्यांना ते अजिबात आवडलं नाही, बाहेरून दोन्ही जर्मन लुथरन वळणाचे दिसत असले तरी. हे म्हणजे सदाशिव पेठेतल्या माणसाला नारायण पेठेतला म्हणण्यासारखं.

पेठेतला

समजलं. उदाहरण माझ्या पातळीवर येऊन दिल्याबद्दल आभार.

कामोद

'हाऊ ब्यूटिफुल' आत्ता तीनदा ऐकलं. आडवाट, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत की मुद्दाम ठेवलीत? या माणसाच्या तळपायांवर फटके मारले होते. आणि त्याने सुंदर पायांवर गाणं केलं.

आडवाट

@कामोदताई, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच. ते गाणंही आम्ही बसवलंय, आणि नाही आलं.

शंकासूर

पुन्हा तेच. वरच लिहिलंय ना की वचन चिठ्ठीने निघायचं? शिवाय मिशन चालवणाऱ्या पंथात हे वचन येणारच. संगीतकार हँडेलच्या 'मसाया' या वृंदरचनेत याच दोन ओळी आहेत, 'शुअरली' पण आणि 'हाऊ ब्यूटिफुल' पण. हँडेलच्या पायांना काही झालं नव्हतं.

कामोद

@शंकासूर, त्याने पायांमुळे ते वचन घेतलं असं मी म्हणत नाही. वचन समोर आलं असेल आणि त्याला त्यावर चाल करावी लागली असेल. वहीवर 'पाय' शब्द लिहिताना त्याचे स्वतःचे पाय टेबलाखाली होते, एवढंच म्हणतेय. आणि गाण्यात त्याने त्या शब्दावर काही केलेलं नाही. थांबला नाही, दुखरा सूर लावला नाही. हँडेल त्या ओळीवर झुलतो. हा सरळ पुढे जातो. मला तेच भारी वाटलं.

शंकासूर

यावर वाद नाही. पुन्हा ऐकतो.

खर्जातला

हँडेलची गोष्ट निघाली म्हणून. 'मसाया' १७४२ चा. अँटिस इंग्लंडात आला तोपर्यंत तिथल्या गावोगावच्या गायकांना तो तोंडपाठ व्हायला लागला होता, यॉर्कशरला तर वृंदगायनाचं वेडच. अशा ठिकाणी त्याच शब्दांवर आपली साधी चाल करायची, याला धाडस म्हणा किंवा हँडेलशी काही देणंघेणं नसणं म्हणा. रविवारी मंडळीला गायला हवंय आणि गाणारे समोर बसलेत ते शिंपी नि विणकर.

त्याचा भाचा ख्रिश्चन इग्नेशियस लाट्रोबसुद्धा संगीतकार, हायडनशी ओळख असलेला, त्याला पियानोच्या सोनाटा अर्पण करणारा. दुसरा भाचा बेंजामिन हेन्री लाट्रोब अमेरिकेच्या कॅपिटॉलचा वास्तुशिल्पी. मामा मात्र फुलनेकच्या वह्यांत.

मिरजेचा_तंबोरा

ही मारहाणीची हकीकत एवढी तपशीलवार कळली कशी? कोणी लिहून ठेवली?

आडवाट

@मिरजेचा_तंबोरा, त्यानेच. प्रत्येक मोरावियनाने आपलं आयुष्य आपल्या हाताने लिहून ठेवायचं, आणि ते त्याच्या अंत्यविधीला मंडळीसमोर वाचलं जायचं, अशी रीत होती. लेबेन्सलाउफ म्हणतात त्याला. चांभाराचंही असायचं, स्वयंपाकिणीचंही. शिवाय १८०० साली इजिप्तच्या लोकांवरचं त्याचं पुस्तक लंडनला निघालं, नाईलचा पूर, प्लेग, चालीरीती वगैरे. तिथे त्याने नाव पूर्ण छापलंय.

नगरी_चिवडा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. प्रत मागवली, आली. मराठी शब्द बसवायला घेतले आणि पहिल्याच ओळीत अडलो. 'पाय' की 'चरण' की 'पावलं'? आमच्या जुन्या बायबलात पायच आहेत. पण वृंदातल्या दोघी म्हणतात, देवाच्या गाण्यात 'पाय' कानाला बरं लागत नाही, चरण घ्या. पास्टरसाहेबांचं मत पावलं.

पेठेतला

चरण घ्या, विठोबाचेही चालतात.

कामोद

चरण नको. चरणांवर कोणी फटके मारत नाही.

मिरजेचा_तंबोरा

+१. पाय.

खर्जातला

अर्थाने पाय, पण गायला बघा. 'पा'वर लांबवाल तेव्हा छान, शेवटच्या 'य'वर सगळ्यांची तोंडं एकदम मिटायला हवीत. नाहीतर बारा जणांचे बारा 'य' ऐकू येतील.

नगरी_चिवडा

काल तालीम झाली. पाय ठेवलं. 'य' मोजले, नऊ झाले. तिघांनी गिळला. व्हायोलिनचा भाग पेटीवर वाजवतोय, दोघींपैकी एकच आल्टो आली होती, दुसरीच्या मुलाची दहावी. पुढची तालीम शनिवारी संध्याकाळी.